ब्रेक सोडला तरी चाक सुटत नाही? लायनरच्या स्प्रिंगा बदलूया

ताईंनो, बैठकीला, डेअरीला, बँकेत भरणा करायला आपल्यातल्या कितीतरी जणी आता मोपेड नाहीतर जुनी स्कूटी घेऊन जातात. ब्रेक लागत नाही म्हटलं की गाडी लगेच गॅरेजला जाते. पण ब्रेक लागतो आणि नीट सुटत नाही, याकडे महिनोन्‌महिने कोणी बघत नाही. "गाडी जुनी झाली, जड चालते," एवढं म्हणून आपण सोडून देतो. दोष बहुतेक वेळा आतल्या दोन लहानशा स्प्रिंगांचा असतो.

चाकाच्या मधल्या हबमध्ये पोकळ ड्रम असतो. त्यात अर्धगोल दोन लायनर समोरासमोर बसवलेले असतात. एका टोकाला ते पिनवर टेकतात, दुसऱ्या टोकाला त्यांच्या मध्ये कॅम असतो. ब्रेक दाबला की कॅम फिरतो, लायनर फाकतात आणि ड्रमला घासतात. हात सोडल्यावर त्यांना परत जवळ ओढायचं काम या स्प्रिंगांचं. उष्णतेने, चिखलपाण्याने त्या गंजतात, ढिल्या पडतात. मग लायनर सारखे घासत राहतात, हब तापतो, पेट्रोल जास्त लागतं. आणि स्प्रिंग तुटून तिचा तुकडा आत अडकला तर चालती गाडी जागच्या जागी जाम होऊ शकते. मागे लेकरू बसलेलं असताना उतारावर असं झालं तर काय, ते सांगायला नको.

आधी दोष स्प्रिंगचाच आहे का ते बघा. ब्रेकची केबल चाकाजवळच्या दांडीपासून सोडवा. तिथे बाहेरूनही एक स्प्रिंग असेल तर तीही काढा. आता दांडी हाताने ओढून सोडा. झटकन मागे आली तर आतल्या स्प्रिंगा बऱ्या आहेत, केबल गंजली असेल, ती बदला. दांडी मलूल पडून राहिली तर स्प्रिंग गेली किंवा कॅम सुकून जाम झाला. दोन्हीसाठी चाक काढावंच लागतं.

इथे पुढच्या चाकाचंच सांगते. मागच्या चाकाला सायलेन्सर, साखळी आडवी येते, ते काम शिकलेल्या हाताचं. आणखी एक गोष्ट: 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी सीबीएस पद्धत किंवा एबीएस सक्तीचं झालं. तसली गाडी असेल तर घरी हात लावू नका.

गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा. सांगाड्याखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक अधांतरी करा आणि गाडी धरायला एका मैत्रिणीला बोलवा, एकटीने करू नका. ब्रेकची केबल सोडवलेलीच आहे, मीटरची केबल चाकाला असेल तर तीही सोडवा. एक्सलचा नट काढा, एक्सल ओढा, की चाक खाली येतं. ब्रेकची प्लेट हबमधून अलगद बाहेर निघते. पुढे काही करण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. स्प्रिंगचे हूक कोणत्या बाजूने आहेत हे नंतर कोणालाच आठवत नाही.

आतली काळी पूड फुंकू नका, झाडू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, तो फुप्फुसाला घातक. तोंडाला रुमाल बांधून ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकून द्या.

पेचकसाने स्प्रिंग ताणत बसू नका, ती सुटून डोळ्यात जाऊ शकते. दोन्ही लायनर मधून पुस्तक मिटल्यासारखे वर दुमडा. स्प्रिंगांचा ताण जातो आणि सगळं एकत्र हातात येतं. बसवतानाही तसंच. नव्या स्प्रिंगा बाहेरच लायनरला अडकवा, टोकं पिनवर आणि कॅमवर टेकवा, मग दोन्ही बाजू दाबून सपाट करा. स्प्रिंगा नेहमी जोडीनेच बदला. एक नवी, एक जुनी ठेवली तर ओढ सारखी राहत नाही. लायनर झिजून पातळ झाले असतील तर तेही आत्ताच बदला, चाक दोनदा कशाला काढायचं?

कॅमवर आणि पिनवर ग्रीसचा नुसता हात फिरवा. लायनरला किंवा ड्रमच्या आत ग्रीस, तेल लागता कामा नये, नाहीतर ब्रेकच लागणार नाही.

आता सगळ्यात जपून करायचं काम. ब्रेक प्लेटला एक खाच असते आणि फोर्कला एक दांडा. चाक चढवताना दांडा त्या खाचेत बसलाच पाहिजे. तो बसला नाही तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरते, केबल तुटते आणि आपण खाली. म्हणून खाच तुम्ही एकदा बघा, मैत्रिणीलाही बघायला लावा. केबल जोडा. मग ब्रेक दाबून धरून एक्सलचा नट आवळा, म्हणजे लायनर ड्रमच्या बरोबर मध्ये बसतात. नटाला पिन असेल तर नवीच घाला. पहिलीच वेळ असेल तर नट किती आवळलाय ते गॅरेजवाल्या दादांकडून तपासून घ्या.

ब्रेकच्या दांडीला टोकाशी साधारण 10 ते 20 मिलिमीटर ढील ठेवा. चाक हाताने फिरवून बघा, घासण्याचा आवाज नको. मग अंगणात, रिकाम्या गाडीवर, चालण्याच्या वेगाने चार-पाच वेळा ब्रेक लावून पाहा आणि त्यानंतरच रस्त्यावर न्या. लायनरही नवे घातले असतील तर आठवड्याने ढील पुन्हा तपासा, ते बसले की ती वाढते.