बक्कलातली खोटी जीभ

मी मोटार विम्याचा सर्व्हेयर. नाशिक, सिन्नर, इगतपुरी, शिर्डी या भागात गाडी ठोकली गेली की विमा कंपनीतर्फे ती पाहायला जातो. काम नुकसान मोजायचं: बंपर गेला का, चेसी वाकली का, गाडी दुरुस्त करायची की टोटल लॉस धरायची. आतल्या माणसांचं काय झालं, हा माझ्या अहवालातला छोटा रकाना. पण गाडीत डोकं घातलं की कोण कसं बसलं होतं ते दिसतंच.

आधी मी पट्टे ओढून बघतो. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत पुढच्या पट्ट्यांना प्रीटेन्शनर असतो. जोराची धडक बसली की त्यातला बारका बार उडतो, पट्टा क्षणात आवळला जातो आणि बहुधा तिथंच जाम होतो. माणसानं लावला असेल तर तो बाहेर लोंबत अडकतो. लावला नसेल तर खांबाशी गुंडाळलेलाच राहतो, कितीही ओढा, येत नाही. त्यामुळे "साहेब, बेल्ट लावलाच होता" असं कुणी सांगितलं तरी मी वाद घालत बसत नाही.

सिन्नरजवळच्या एका वर्कशॉपमध्ये आलेली गाडी माझ्या डोक्यातून जात नाही. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रकला मागून भिडली होती. दोन्ही एअरबॅगा उघडलेल्या. आणि ड्रायव्हरच्या बक्कलात एक चकचकीत धातूची क्लिप खोचलेली. पट्टा नाहीच, नुसती जीभ. पट्टा न लावता गाडी चालवली की जी 'टुंग टुंग' सुरू होते ती गप्प करायला लोक ही वापरतात. गाडी चालवणारे गृहस्थ मोडलेल्या फासळ्या घेऊन रुग्णालयात होते. त्यांचा पुतण्या मला विचारत होता, "एअरबॅग उघडली ना? मग काकांना एवढं लागलं कसं?"

त्याला सांगितलं तेच इथं सांगतो. एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते आणि लगेच रिकामी व्हायला लागते. तिचा सगळा हिशेब पट्टा बांधून बसलेल्या माणसावर बेतलेला असतो. पट्टा छाती आणि कंबर धरून ठेवतो, डोकं पुढे येतं, तेव्हा समोर फुगलेली पिशवी तयार असते. पट्टा नसेल तर ब्रेक दाबला तेव्हाच माणूस सीटवरून पुढे घसरलेला असतो. मग पिशवी फुगता फुगताच त्याच्या छातीवर आदळते. काही गाड्यांत पट्टा नसेल तर एअरबॅग कधी उघडायची याचं गणितही बदलतं. तुमच्या गाडीत काय आहे ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. ते पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोरं करकरीत पडलेलं असतं.

या क्लिपा राजरोस ऑनलाइन मिळत होत्या. 2023 च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ई-कॉमर्स कंपन्यांना त्या विकायला बंदी केली, तेव्हा 13 हजारांहून जास्त जाहिराती उतरवाव्या लागल्या. तरी अजून मला त्या बक्कलांत सापडतात. काही जण तर पट्टा पाठीमागून घेऊन बक्कलात अडकवतात आणि त्यावर टेकून बसतात. क्लिपचे पैसे वाचले, एवढाच काय तो फरक.

मागच्या सीटवर तर आनंदच आहे. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला. गाडी नामांकित कंपनीची, एअरबॅगांनी भरलेली. पुढचे दोघं जबर जखमी झाले पण वाचले. मागचे दोघं गेले. पोलिसांनी सांगितलं की मागच्यांनी पट्टे लावले नव्हते. त्यानंतर महिनाभर सगळे मागे बसूनही पट्टे शोधत होते. सीटच्या फटीत गेलेली बक्कलं बाहेर निघाली आणि पुन्हा आत गेली. मागच्या सीटवर पट्टा लावण्याचा नियम जुनाच आहे, न लावल्यास 1000 रुपये दंडही आहे. पण आजीला पट्टा लावायला सांगितलं की "माझ्या लुगड्याची घडी मोडते" हे ऐकावं लागतं. मोडू द्यावी. ताशी 50 किलोमीटरच्या वेगात गाडी भिंतीवर आदळणं म्हणजे जवळजवळ तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं, आणि मागचा मोकळा माणूस तेवढ्याच वेगानं पुढच्याच्या पाठीवर जाऊन पडतो.

मांडीवरच्या बाळाचंही तसंच. आई घट्ट धरेल असं सगळ्यांना वाटतं. पण धडकेच्या क्षणी दहा किलोच्या बाळाला थोपवायला शेकडो किलोंचा जोर लागतो, तो कुणाच्याच हातांत नसतो. लहानग्यांसाठी वेगळं चाइल्ड सीट घ्या, ते मागे बसवा. मागे तोंड करून बसवायचं चाइल्ड सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीच नको.

गाडी घेताना आता लोक 'किती स्टार' विचारतात, ही चांगली गोष्ट. 1 ऑक्टोबर 2023 पासून आपल्याकडे गाड्यांच्या सुरक्षिततेला स्टार देणारी भारत एनकॅप चाचणी सुरू आहे. पण त्यातल्या समोरच्या धडकेच्या चाचणीत वेग ताशी 64 किलोमीटर असतो आणि आतल्या बाहुल्यांना पट्टे बांधलेले असतात. पाच स्टार त्या बाहुल्यांना मिळालेले आहेत. समृद्धी महामार्गावर ताशी 120 नं, पट्टा न लावता जाणाऱ्याचं काय होईल ते त्या चाचणीत कुणी पाहिलेलं नाही.

शिवाय शोरूममधून गाडी बाहेर पडली की आपण तिच्यावर हात चालवतो. पुढे लोखंडी बुल बार लावतो. त्यामुळे धडकेचा जोर भलतीकडेच जातो, सेन्सरला तो नीट कळत नाही, आणि पादचाऱ्याला जास्त लागतं. सरकारनं 2017 सालीच बुल बार बेकायदा ठरवलाय. सीटच्या कडेतून साइड एअरबॅग उघडत असेल तर त्यावर जाड, शिवून घट्ट बसवलेलं कव्हर चढवू नका. आणि डॅशबोर्डवरचा गणपती! डाव्या बाजूला 'एअरबॅग' लिहिलेल्या झाकणावर तो डकवला असेल तर झाकण उघडताना मूर्ती थेट शेजारच्याच्या तोंडावर येते. बाप्पाला मधोमध बसवा, तिथून त्याला रस्ताही नीट दिसतो.

माझ्या भागातल्या रस्त्यांबद्दल दोनच गोष्टी. समृद्धीसारख्या सरळ रस्त्यावर टायर आणि डोळे, दोन्ही आधी तपासा. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते: 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. जुना, चिरा पडलेला टायर उन्हात वेगानं पळवू नका, आणि हवा सकाळी, टायर गार असताना तपासा. झोप आली तर काच उघडून गाणी लावण्यात काही अर्थ नसतो, थांबायचं. ताशी 100 वर गाडी सेकंदाला 28 मीटर जाते. डुलकी तीन सेकंदांची असली तरी आंधळेपणानं 80 मीटरच्या पुढे अंतर कापलं जातं. उभे ट्रक नेमके तिथंच असतात.

दुसरी गोष्ट कसारा घाटाची. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकणारे अजून आहेत. इंजिनची ओढ गेली की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि खाली पोचेपर्यंत पाय नुसताच आत जातो. ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. एप्रिल 2019 नंतरच्या सगळ्या नव्या मोटारींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा आहे. ब्रेक पूर्ण दाबल्यावर पायाखाली थरथर झाली तर घाबरून पाय उचलू नका. ती थरथर म्हणजे यंत्रणा काम करतेय. दाबून धरा आणि स्टिअरिंग वळवा.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांसाठी शेवटचं. उघडलेली एअरबॅग बदलणं महाग असतं. म्हणून काही ठिकाणी नुसतं झाकण शिवून बसवतात आणि मीटरमधला एअरबॅगचा दिवा कापून टाकतात. चावी फिरवल्यावर तो दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. पेटून राहिला तर बिघाड आहे. मुळात पेटलाच नाही, तर व्यवहार तिथंच थांबवा.