महानायकाचे स्थलांतर : अमेरिकी चित्रकथानायकांची जपानी रूपांतरे

१. प्रास्ताविक

रूपांतर हा मराठी वाङ्मयाला नवखा नसलेला व्यवहार होय. गोविंद बल्लाळ देवल यांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ (१८९०) रचला, तेव्हा व्हेनिसचा सेनापती मराठी रंगभूमीवर मराठी नाव घेऊन उभा राहिला. पु. ल. देशपांडे यांनी ‘पिग्मॅलियन’ची ‘ती फुलराणी’ (१९७५) केली, तेव्हा लंडनमधील उच्चारभेदांची जागा मराठी बोलींनी घेतली. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता : मूळ कृतीतले काय हलविता येते आणि काय हलविले असता कृतीच मोडते? या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने नाटक व कादंबरी यांच्या संदर्भात झाली आहे. परंतु ज्या नायकाला एक लेखक नाही, ज्याची कथा संपत नाही आणि ज्याच्यावर एका प्रकाशनसंस्थेची कायदेशीर मालकी असते, अशा नायकाचे रूपांतर होते तेव्हा हा प्रश्न कोणते रूप घेतो, हे तपासणे उद्बोधक ठरावे. अमेरिकी चित्रकथांतील महानायक आणि त्यांची जपानी मांगा व ॲनिमे या माध्यमांतील रूपांतरे हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी महानायकाच्या घडणीचे तीन स्तर कल्पिता येतात. पहिला वेश : मुखवटा, चिन्ह, रंग व शक्ती. दुसरा विश्व : नगर, आप्त, शत्रू व सामाजिक व्यवस्था. तिसरा व्रत : शक्ती कशासाठी वापरावी आणि कोठे थांबावे याविषयीचा नायकाने स्वतःवर घातलेला निर्बंध. बॅटमॅन कोणाचा जीव घेत नाही, हे त्याचे व्रत. स्पायडरमॅन काकाच्या मृत्यूची जबाबदारी आयुष्यभर वाहतो, हे त्याचे. व्रत हेही इतिहासाचेच अपत्य असते, हे येथे नमूद केले पाहिजे. १९३९ साली अवतरलेल्या बॅटमॅनच्या आरंभीच्या कथांत त्याच्या हातून माणसे मरत होती. हत्या न करण्याचा दंडक संपादकांनी नंतर घालून दिला. तथापि एकदा रुजल्यानंतर हा दंडकच त्याची ओळख ठरला.

२. मांगातील पूर्वपीठिका

ॲनिमेतील रूपांतरांचा विचार मांगापासून सुरू करावा लागतो. १९६६ साली बॅटमॅनवरील अमेरिकी दूरचित्रवाणी मालिका लोकप्रिय झाली आणि त्या लाटेत जिरो कुवाता यांनी ‘शोनेन किंग’ या मुलांच्या नियतकालिकासाठी १९६६-६७ मध्ये बॅटमॅनच्या कथा रेखाटल्या. कुवाता यांनी वेश, विश्व आणि व्रत ही तिन्ही बव्हंशी मुळाप्रमाणे ठेवली. बदलली ती कथनाची गती. अमेरिकी अंकात एका बैठकीत संपणारी कथा येथे अनेक भागांत पसरली आणि पळणे, झेपावणे, कोसळणे अशा शारीरिक क्रियांना अधिक चौकटी मिळाल्या. एका अमेरिकी कथेतील ‘डेथ मॅन’ हा खलनायक कुवाता यांच्या हाती ‘लॉर्ड डेथ मॅन’ झाला. या कथा पुढे चार दशके जपानबाहेर जवळजवळ अज्ञात राहिल्या. २००८ साली चिप किड यांनी त्यांचे संकलन अमेरिकेत प्रसिद्ध केले आणि त्यानंतर ग्रँट मॉरिसन यांनी २०१० साली सुरू झालेल्या ‘बॅटमॅन इन्कॉर्पोरेटेड’ या मालिकेत लॉर्ड डेथ मॅनला मूळ परंपरेत सामावून घेतले. रूपांतरित पात्र असे माहेरी परतले.

र्‍योइची इकेगामी यांचा ‘स्पायडरमॅन’ (१९७०-७१) याहून मूलगामी आहे. येथे पीटर पार्कर नाही. यू कोमोरी नावाचा जपानी विद्यार्थी आहे. वेश तोच, परंतु विश्व संपूर्णपणे तत्कालीन जपानचे आहे. त्याचा पहिला मोठा प्रतिस्पर्धी इलेक्ट्रो हा त्याच्या परिचयातील मुलीचाच भाऊ निघतो. अमेरिकी स्पायडरमॅन दुःखी असला तरी लढताना विनोद करतो. इकेगामींचा नायक हसत नाही. शक्ती मिळाल्याने त्याचे एकाकीपण वाढते. काही कथांचे लेखन विज्ञानकथाकार काझुमासा हिराई यांनी केले आणि त्यांत ही उदासी अधिक गडद झाली. जबाबदारीच्या व्रताची जागा येथे, शक्ती हाच शाप नव्हे काय, या शंकेने घेतली आहे.

या मांगाशेजारी २००४ साली आरंभ झालेली ‘स्पायडरमॅन : इंडिया’ ही चित्रकथा ठेवून पाहण्याजोगी आहे. तेथे पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला, न्यूयॉर्कची मुंबई झाली आणि किरणोत्सर्गी कोळ्याच्या जागी एका योग्याने शक्ती दिली. ध्वनिसाम्याने नामांतर करण्याची ही रीत देवलांच्या परंपरेला जवळची आहे. मात्र येथे प्रत्येक मूळ घटकाला एक देशी पर्याय शोधला जातो व मूळ सांगाडा तसाच राहतो. इकेगामींनी सांगाडाच हलविला. देशीकरण आणि पुनर्रचना यांतील फरक या दोन कृतींतून स्पष्ट होतो.

३. वेश घेतला, बाकी सोडले

तोएई कंपनी आणि मार्व्हल यांच्यातील करारातून १९७८-७९ मध्ये स्पायडरमॅनची एकेचाळीस भागांची जपानी मालिका निघाली. ती सचेतपट नव्हती, नटांनी साकारलेली होती. तरीही तिला वगळून पुढील इतिहास समजत नाही. तिचा नायक ताकुया यामाशिरो हा मोटारसायकल शर्यतपटू आहे. त्याला शक्ती मिळते ती परग्रहावरील योद्ध्याकडून, आणि त्याच्याजवळ ‘लिओपार्डन’ नावाचा प्रचंड यंत्रमानव आहे. शत्रूसमोर तो दरवेळी नवे बिरुद उच्चारून स्वतःची ओळख करून देतो. जपानी रंगभूमीवरील पात्राने स्वतःचे नाव घोषित करण्याच्या संकेताशी याचे साम्य सहज जाणवते.

निष्ठेच्या कसोटीवर ही मालिका विडंबन ठरेल. प्रभावाच्या कसोटीवर मात्र तिच्याइतके फलदायी रूपांतर दुर्मीळ आहे. प्रत्येक भागाच्या अखेरीस महाकाय यंत्रमानवाने महाकाय राक्षसाशी झुंजावे हा तिचा आराखडा तोएईने लगेच ‘बॅटल फीव्हर जे’ (१९७९) या मालिकेत वापरला आणि पुढे तो ‘सुपर सेंताई’ परंपरेचा कायमचा भाग झाला. याच परंपरेतील १९९२ च्या मालिकेची दृश्ये घेऊन १९९३ साली अमेरिकेत ‘पॉवर रेंजर्स’ तयार झाली. अमेरिकेतून आलेला एकाकी नायक जपानमध्ये यंत्रमानवाचा स्वामी झाला आणि तो आराखडा पंचकाच्या रूपाने अमेरिकेत परतला.

४. ॲनिमेतील रूपांतरे : व्रताची परीक्षा

थेट ॲनिमेचा विचार करता ‘बॅटमॅन : गॉथम नाइट’ (२००८) ही सहा लघुपटांची मालिका महत्त्वाची ठरते. लेखन अमेरिकी आणि दिग्दर्शन-चित्रण स्टुडिओ ४° सी, मॅडहाउस, प्रॉडक्शन आय.जी. व बी ट्रेन या स्टुडिओंचे, अशी तिची विभागणी आहे. पहिल्या लघुपटात काही मुले आपण पाहिलेल्या बॅटमॅनचे वर्णन करतात. एकाला तो सावली वाटतो, दुसऱ्याला वटवाघूळदेही प्राणी, तिसऱ्याला यंत्र. ही कल्पना अमेरिकी चित्रकथेत १९७३ सालीच येऊन गेली होती. परंतु भिन्न चित्रकारांच्या हातून नायकाचा चेहरा, बांधा व वय प्रत्येक लघुपटात बदलत असल्यामुळे येथे ती संपूर्ण संग्रहाचे सूत्र बनते. वेश किती चंचल असतो, याचेच हे प्रात्यक्षिक होय.

वेश असा अस्थिर झाल्यावर नायकाला एकत्र कोण धरते? त्याचे व्रत. एका लघुपटात बॅटमॅनला गोळ्या परतविणारे उपकरण मिळते. ते निर्दोष चालते. पण परतलेली गोळी एका गुन्हेगाराला लागते आणि तो उपकरण परत करतो. स्वतःचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार त्याला आहे, दुसऱ्याचा नाही. दुसरा लघुपट जखमी बॅटमॅनला भुयारी गटारातून चालवितो आणि त्याच वेळी त्याचा भारतातील पूर्ववृत्तांत सांगतो. तेथे कॅसँड्रा नावाची समाजबहिष्कृत स्त्री त्याला वेदना सहन करण्याची विद्या शिकविते. हा भारत पाश्चात्त्य कल्पनेतील फकीर-योग्यांचाच आहे, हे खरे. पण लघुपटाचा शेवट या उसनवारीच्या पलीकडे जातो. कचऱ्यात टाकलेल्या बंदुका बॅटमॅनने दोन्ही हातांनी कवटाळल्या आहेत. आल्फ्रेड त्याला वर काढण्यासाठी हात मागतो आणि त्याला हात देता येत नाही. शरीराची वेदना जिंकता आली, पण आईवडिलांच्या हत्येपासून चालत आलेली वेदना तो सोडू शकत नाही. येथे रूपांतराने मूळ पात्राविषयी काही नवे सांगितले आहे.

मार्व्हल आणि मॅडहाउस यांनी २०१०-११ मध्ये ‘आयर्न मॅन’, ‘वुल्व्हरिन’, ‘एक्स-मेन’ व ‘ब्लेड’ या प्रत्येकी बारा भागांच्या चार मालिका केल्या. त्यांच्या कथांचा आराखडा वॉरन एलिस या ब्रिटिश लेखकाचा होता. येथे नायक अमेरिकीच राहतो आणि जपानमध्ये पाहुणा म्हणून येतो. ‘वुल्व्हरिन’ची गुंतागुंत विशेष आहे. क्लेअरमाँट व मिलर यांनी १९८२ साली या नायकाला जपानमध्ये नेले, तेव्हा तो अमेरिकी कल्पनेतला जपान होता. जपानी चित्रकारांना आता त्याच कल्पित जपानचे रेखाटन करावे लागले. मुळातला ठेंगणा, दणकट नायक मात्र त्यांनी उंच व सडपातळ करून टाकला.

‘आयर्न मॅन’मध्ये टोनी स्टार्क जपानमध्ये ऊर्जाकेंद्र उभारण्यासाठी येतो. ही मालिका २०१० च्या अखेरीस प्रक्षेपित झाली. ‘एक्स-मेन’चे कथानक जपानच्या तोहोकू प्रदेशात घडते आणि तिचे प्रक्षेपण एप्रिल २०११ मध्ये सुरू झाले. ११ मार्च २०११ रोजी त्याच प्रदेशात भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमा अणुकेंद्राची दुर्घटना घडली होती. दोन्ही कथांची आखणी आधीची असल्यामुळे यांत निर्मात्यांचा हेतू शोधणे चूक ठरेल. परंतु परदेशी तंत्रज्ञ आणीत असलेल्या निर्धोक ऊर्जेचे आश्वासन पाहणाऱ्या प्रेक्षकाला मार्चनंतर ते पूर्वीसारखे ऐकू येणे शक्य नाही. संहिता बदलत नाही, तिच्याभोवतीचे विश्व बदलते, आणि तेही रूपांतराचे एक कारण होते.

५. विश्वांतर आणि त्याच्या मर्यादा

‘बॅटमॅन निन्जा’ (२०१८) या जुम्पेई मिझुसाकी दिग्दर्शित चित्रपटात बॅटमॅन व त्याचे शत्रू सामंतशाही जपानमध्ये फेकले जातात. खलनायक सरदार होऊन प्रदेश वाटून घेतात. त्यांचे किल्ले यंत्रमानव बनतात. आधुनिक साधने नष्ट झालेल्या बॅटमॅनला निन्जांची विद्या शिकावी लागते. यंत्रमानवरूपी किल्ले हा लिओपार्डनचा दूरचा वारसा म्हणता येईल. विश्व व वेश दोन्ही बदलूनही येथे नायक ओळखू येतो, कारण साधने गेल्यावर उरते ते व्रतच, हेच कथेचे सूत्र आहे. या चित्रपटाच्या इंग्रजी आवृत्तीसाठी संवाद केवळ अनुवादित न करता नव्याने लिहिले गेले. म्हणजे रूपांतराचेही पुन्हा रूपांतर झाले.

याउलट ‘सुइसाइड स्क्वॉड इसेकाई’ (२०२४) मध्ये हार्ली क्विन आदी गुन्हेगारांना जादूच्या दुसऱ्या जगात धाडले जाते. ‘इसेकाई’, म्हणजे परविश्वप्रवेश, हा समकालीन ॲनिमेचा रुळलेला प्रकार आहे. या पात्रांना व्रत नाही. मानेत बसविलेला स्फोटक त्यांना आवरतो. त्यामुळे ती नव्या विश्वात विनासायास सामावतात, आणि त्याच कारणाने त्या प्रवासात त्यांचे फारसे काही पणाला लागत नाही. ‘मार्व्हल डिस्क वॉर्स’ (२०१४-१५) या तोएईच्या मालिकेत नायक चकत्यांत बंदिस्त आहेत आणि मुले त्यांना मर्यादित वेळेपुरते मुक्त करतात. महानायक येथे मुलांच्या हातातील खेळणे झाला आहे, शब्दशः आणि लाक्षणिक अशा दोन्ही अर्थांनी.

६. समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात. वेश सर्वांत सहज हलतो, विश्व थोड्या प्रयासाने हलते. रूपांतराचे मोल मात्र ते व्रताशी कसे वागते यावर ठरते. इकेगामींनी व्रताविषयी शंका घेतली, ‘गॉथम नाइट’ने त्याची किंमत दाखविली, म्हणून त्या कृती टिकाऊ ठरतात. तोएईच्या मालिकेने व्रत बाजूला सारले व रूपबंधाला नवी दिशा दिली. तिचे यश वाङ्मयीन नसून परंपरानिर्मितीचे आहे. तेव्हा मुळाशी निष्ठा हा एकमेव निकष या क्षेत्रात अपुरा पडतो.

दुसरा निष्कर्ष मालकीविषयी आहे. देवलांना शेक्सपिअरची अनुमती घ्यावी लागली नाही. कुवाता, इकेगामी व त्यांचे उत्तराधिकारी परवान्याच्या चौकटीत काम करीत आले. नायकाला मरू देणे, म्हातारा होऊ देणे किंवा व्रतभ्रष्ट होऊन कायम तसेच राहू देणे हे अशा रूपांतरकाराच्या हाती नसते. कुवाता यांचा खलनायक मूळ परंपरेत परतला तेव्हा तो परंपरेच्या मालकीचाच होता. लोककथेतील नायक ज्याच्या तोंडी येईल त्याचा होतो. आधुनिक महानायक अनेक भाषा बोलतो, पण एकाच घराचा राहतो. या दोन अवस्थांमधील ताण हा रूपांतराच्या पुढील अभ्यासाचा विषय व्हावयास हवा, आणि मराठी नाट्यरूपांतरांचा समृद्ध इतिहास त्या अभ्यासाला एक भक्कम तुलनाबिंदू पुरवू शकतो.