तिनं वळून माझ्याकडे पाहिलं

गडमुडशिंगीतून गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मी बरीच वर्षं फौंड्रीत जातो. काम क्वालिटीचं. वाळूतला ओलावा मोजायचा, आकडा रजिस्टरला चढवायचा, खाली सही करायची. विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांना कुणीतरी हाताशी हवंय, असा निरोप ओळखीच्या शिक्षकांकडून आला तेव्हा मी याच भरवशावर हो म्हटलं. मोजमाप तर आपलं रोजचंच. पण पहिल्या वर्षी मी जे केलं ते साफ चुकीचं होतं, आणि तीच चूक करणारे पालक आणि शिक्षक मला दर प्रदर्शनात दिसतात. म्हणून हे लिहितोय.

दिवाळीची सुट्टी संपली होती आणि प्रदर्शन तीन आठवड्यांवर आलं होतं. नववीतली दोन मुलं माझ्याकडे आली, एक मुलगा आणि एक ऊसवाल्या घरातली मुलगी. तुम्हाला काय बघायचंय, हे मी त्यांना विचारलंच नाही. विषय मीच ठरवला: मातीतला ओलावा ओळखून आपोआप पंप चालू करणारं यंत्र. आर्डुइनो बोर्ड, सेन्सर, छोटा पंप मी कोल्हापुरातून आणला. प्रोग्राम इंटरनेटवरून मीच उतरवून घेतला. सोल्डरिंग मुलांच्या हातून नीट होईना, तेव्हा दोन रात्री जागून तेही मीच उरकलं. मुलांनी थर्माकोलचं शेत केलं, तक्ता रंगवला आणि मी लिहून दिलेली माहिती पाठ केली.

प्रदर्शनात परीक्षक बाई आल्या. मुलीनं न अडखळता सगळं सांगितलं. पंप चालू झाला, बंद झाला. बाईंनी प्रोग्रामचा कागद हातात घेतला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "इथं 500 का लिहिलंय? 400 का नाही?"

मुलीनं वळून माझ्याकडे पाहिलं.

ती नजर मी विसरलेलो नाही. चार महिने शेतात वावरणारी, पाण्याची पाळी कधी द्यायची हे बापाइतकंच कळणारी ती पोर, आणि मी तिला तिच्याच विषयात मुकी करून ठेवली होती. परतताना टेम्पोत तिनं विचारलं, "काका, 500 का हुतं?" खरं उत्तर एवढंच होतं की उतरवलेल्या प्रोग्रामात तसं होतं. त्या सेन्सरवरून बोर्ड 0 ते 1023 यांच्यामधला आकडा वाचतो. कोणत्या आकड्याला माती कोरडी म्हणायची, हे त्या मातीवर ठरतं. आपली काळी माती वेगळी, मुरमाड वेगळी. मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग आपली माती घेऊन बघायला पायजे हुती की."

खरा प्रयोग तोच होता. घरच्या रानातली माती उन्हात वाळवायची, कुंडीत तोलून घ्यायची, मोजून पाणी घालत जायचं आणि दर वेळी आकडा लिहायचा. खर्च जवळपास नाही. तो प्रयोग बाजूला सारून मी पंप फिरवून दाखवण्याच्या मागे लागलो होतो. त्या सेन्सरचे दात ओल्या मातीत सतत वीज खेळत राहिली की गंजतात, आकडे बिघडत जातात. हेही मुलांच्या नजरेला पडलं असतं, जर यंत्र प्रदर्शनाच्या आदल्या रात्री न जोडता महिनाभर आधी कुंडीत खुपसलं असतं.

दुसऱ्या वर्षी मी जूनमध्येच मुलांकडे गेलो. विषय सांगितला नाही. आठवडाभर घरात, रानात जे कोडं पडेल ते वहीत लिहा, एवढंच म्हटलं. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म 1938 चा, आपल्या कोल्हापुरातला. सही मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत, ही गोष्ट मला तेव्हा आठवली. त्याच मुलीच्या वहीत एक प्रश्न होता: पावसाळ्यात डब्यातल्या गुळाला तळाशी पाणी का सुटतं? आमच्या भागात हा रोजच्या जेवणातला प्रश्न आहे.

गुळात साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं, आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. हे पुस्तकात सापडतं. पण किती दिवसांत किती ओलावा ओढला जातो आणि कोणत्या डब्यात कमी, हे मोजावंच लागतं. मुलीनं सुरुवात 20 ग्रॅमच्या खड्यानं केली. आठवडाभर वजन हलेना. स्वयंपाकघरातला काटा 1 ग्रॅमच्या खाली दाखवत नाही, अर्ध्या ग्रॅमची वाढ त्याला दिसायची कशी? हे कारण तिनंच शोधलं आणि 200 ग्रॅमचे तुकडे घेतले. मी फक्त चार दिवस तोंड मिटून बसलो. मार्गदर्शनात मला सगळ्यात जड गेलेली गोष्ट ती.

रोजची हवा बदलत राहते, म्हणून तुलनेसाठी एक युक्ती मी सांगितली. घट्ट झाकणाच्या बरणीत तळाला मीठ पसरायचं आणि ते भिजेल इतकंच पाणी घालायचं, विरघळून संपेल इतकं नाही. आत तिवईवर वाटीत गूळ ठेवायचा. अशा बरणीतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास टिकते. दुसऱ्या बरणीत बुटांच्या खोक्यात मिळतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या, म्हणजे कोरडी हवा झाली. हजारो रुपयांचं यंत्र लागत नाही. आणि दर प्रकाराचे तीन तुकडे हवेत. एकाच तुकड्यावरून काही ठरत नाही.

अकराव्या दिवशी उघड्या ताटलीतल्या एका तुकड्याचं वजन वाढायच्या ऐवजी कमी भरलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "हा चुकला असणार, सोडून दे." तिनं खोडरबर उचललं, आणि मला आमचं रजिस्टर डोळ्यांपुढे दिसलं. तिथं चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ मारतात, बाजूला कारण लिहून सही करतात. आकडा पुसला तर नोकरी जाते. मी तिचा हात धरला आणि कारण विचारलं. "मुंग्या लागल्या हुत्या, काका. सकाळीच झटकल्या." आकडा खरा होता. तसाच राहिला, शेजारी 'मुंग्या' हा शब्द आला, आणि दुसऱ्या दिवसापासून ताटल्या पाण्याच्या परातीत उभ्या राहिल्या. परीक्षकांनी पुढे तिला सगळ्यात जास्त वेळ विचारलं ते याच पानाबद्दल. ती एकदाही मागे वळली नाही.

बक्षीस मिळालं नाही. शेजारच्या टेबलावर दिव्यांनी झगमगणारी स्मार्ट सिटी होती, ती पुढे गेली. मुलगी घरी जाऊन रडली, आणि तिच्या आईला काय सांगावं हे मला सुचलं नाही. ज्यांना मुलांना मार्गदर्शन करायचंय त्यांनी या दिवसाची तयारी ठेवावी. मुलांना आधीच सांगून ठेवावं की परीक्षकांकडे एका टेबलापाशी दोन-चार मिनिटंच असतात.

शाळकरी मुलांसाठीच्या सरकारी इन्स्पायर मानक योजनेत निवड झाली की विद्यार्थ्याच्या खात्यावर 10,000 रुपये येतात. त्या पैशांवर तयार मॉडेल विकणारे टपलेले असतात, त्यांना दारात उभं करू नका. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद 1993 पासून भरते, 10 ते 17 वयाच्या मुलांसाठी. तिथं भवतालच्या प्रश्नावर केलेल्या अभ्यासाला जागा आहे. गुळासारखा विषय तिथं शोभतो. घरच्या विजेवर चालणारं, आम्ल लागणारं किंवा जंतू वाढवायचं काही असेल, तर ते मोठ्या माणसाच्या देखत आणि शाळेच्या प्रयोगशाळेतच. त्यात तडजोड नको.

एक मागणं आमच्या गोकुळ शिरगावच्या, शिरोलीच्या, कागलच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांकडे. तुमच्याकडे तपासून घेतलेली वजनं असतात. जूनमध्ये शाळा उघडली की एका शनिवारी साहेबांना विचारून ती गावातल्या शाळेत न्या आणि तिथला काटा ताडून द्या. आमच्या शाळेतला काटा 200 ग्रॅमला 6 ग्रॅम जास्त दाखवत होता.