बरणीला कुलूप लावण्याआधी

लस टोचून दवाखान्याबाहेर आलेलं मूल डोळ्यांसमोर आणा. त्यानं भोकाड पसरलेलं असतं, बाबा त्याला कडेवर घेऊन येरझाऱ्या घालत असतात आणि आई पर्समध्ये चॉकलेट शोधत असते. चॉकलेट तोंडात जातं, रडं थांबतं, सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. आता यात दोष कुणाला द्यायचा? गोडानं दुखणं खरंच हलकं होतं. नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घ्यायचं असेल, तर अनेक रुग्णालयांत आधी त्याच्या जिभेवर साखरपाण्याचे थेंब सोडतात. त्यानं बाळ कमी रडतं, हे पुन्हा पुन्हा तपासून पाहिलेलं आहे. (घरी मात्र मधाचं बोट चाटवू नका, वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातक ठरू शकतो.)

उपाय लागू पडतो, आणि फार पटकन लागू पडतो, तिथंच खरी गोम आहे. मग तो आपल्या हाताला लागतो. गुडघा फुटला, दे खाऊ. मुलांनी खेळायला घेतलं नाही, दे खाऊ. पाहुण्यांसमोर किरकिर करतोय, कंटाळलाय, ताई आणि त्याची मारामारी झालीय, दे काहीतरी तोंडात टाकायला. असं दहा-बारा वर्षं चालतं आणि एक दिवस आपणच वैतागून म्हणतो, ‘अरे, सारखं काय चरत असतोस!’

खरं म्हणजे भीती वाटली, धक्का बसला की भूक मरते. हा शरीराचा मूळ स्वभाव. वार्षिक परीक्षेच्या सकाळी पोह्यांची बशी तशीच राहते, घास घशाखाली उतरत नाही. मग मन बिघडलं की खात सुटायचं, हे येतं कुठून? इंग्लंड आणि वेल्समध्ये २००७ साली जन्मलेल्या जुळ्या मुलांचा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी दीर्घकाळ मागोवा घेतला. एखाद्या मुलाला मुळात भूक किती लागते, त्याचं पोट किती लवकर भरतं, यात अनुवंशाचा वाटा मोठा निघाला. पण मन उदास असताना जास्त खाणं किंवा रुसून जेवण टाकणं, या दोन्ही गोष्टींत तो फारच थोडा होता. बहुतेक हिशेब घरातल्या वातावरणाचा होता. २०१७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेव्हा ‘आमच्या घराण्यातच खवय्येगिरी आहे हो’ ही सबब इथं चालायची नाही. पण ही बातमी वाईट नाही. रक्तातलं बदलता येत नाही, घरात शिकलेलं बदलता येतं.

जर्मनीत जन्मलेल्या आणि पुढं अमेरिकेत काम केलेल्या मनोविकारतज्ज्ञ हिल्ड ब्रूख यांनी याच्या कितीतरी आधी एक मांडणी केली होती. बाळ रडतं त्याला कारणं अनेक असतात. लंगोट ओला असतो, झोप अनावर झालेली असते, कुणी जवळ हवं असतं. या प्रत्येक रडण्याला उत्तर म्हणून खाणंच मिळत गेलं, तर पोटातली भूक कोणती आणि बाकीची बेचैनी कोणती, हे त्या मुलाला वेगळं करताच येत नाही. मोठं झाल्यावरही आतून काहीतरी टोचतंय एवढंच त्याला कळतं, आणि हात डब्याकडे जातो.

माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या सातवीतल्या एका मुलीची गोष्ट सांगते. तिच्या गादीखाली वेफर्सच्या आणि बिस्किटांच्या रिकाम्या पुड्या सापडल्या. प्रत्येकीची नीट चौकोनी घडी घातलेली होती. ‘हिला चोरून खायची सवय लागलीय’, ही आईची तक्रार. बाबांनी तोडगाही काढून ठेवला होता: खाऊच्या कपाटाला कुलूप.

मी तिला तिची दुपार विचारली. शाळेची बस सव्वा वाजता सोसायटीच्या फाटकाशी सोडते. शेजारच्या काकूंकडून किल्ली घ्यायची, दप्तर सोफ्यावर टाकायचं. ओट्यावर पोळी-भाजी झाकून ठेवलेली असते. ती दोन घास खाते आणि झाकण परत ठेवते. मग ओट्याशी उभ्याउभ्याच वेफर्सची पुडी फोडते. वेफर्सच का, या प्रश्नाला तिनं जे उत्तर दिलं ते मी विसरू शकत नाही. म्हणाली, ‘खाताना आवाज होतो ना. घरात दुसरा कसलाच आवाज नसतो.’

आणखी बोलता बोलता कळलं, की जूनपर्यंत आजी त्यांच्याकडे असायची. दुपारी दोघी एकत्र जेवायच्या, मालिकेचा कालचा भाग बघायच्या, भांडायच्यासुद्धा. जूनमध्ये आजी काकांकडे कोल्हापूरला गेली. पुड्यांचा सिलसिला त्यानंतरचा. आईनं या दोन गोष्टी एकमेकींशी कधी जोडल्याच नव्हत्या. जोडणार तरी कधी? ती साडेसहाला लोकलमधून उतरत होती.

इथं एक गोष्ट बजावून सांगायला हवी, नाहीतर तुम्ही उद्यापासून मुलाच्या प्रत्येक घासाकडे संशयानं बघाल. शाळेतून आलेल्या मुलाची भूक बहुतेक वेळा खरीच असते. मधली सुट्टी तोकडी असते, त्यात हात धुवायचे, खेळायचं आणि डबाही संपवायचा. डबा निम्मा परत येतो. त्यात वयात येतानाची वर्षं. उंची भराभर वाढत असते, तेव्हा मुलगा चार पोळ्यांवर पाचवी मागणारच. झोपेचंही तसंच. तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तास झोप लागते. क्लास, गृहपाठ आणि मोबाइल उरकून बारा वाजता झोपणाऱ्या आणि सहाला उठणाऱ्या मुलाला ती मिळत नाही, आणि कमी झोपलेल्या माणसाची भूक वाढते. ओढ असते ती गोडाची, तळकटाची. याला भावनिक खाणं म्हणून उपदेश करत बसण्यापेक्षा त्याला लवकर झोपू द्यावं.

ओळखायचं कसं? पोटाची भूक हळूहळू चढते आणि तिला काहीही चालतं. मनाची भूक एकदम उसळते आणि तिला तेच हवं असतं: तोच चिवडा, तेच क्रीमचं बिस्कीट. पोट भरलं तरी ती थांबत नाही, आणि खाऊन झाल्यावर चेहरा उतरतो. माझी कसोटी साधी आहे. ‘वरण-भात कालवून देऊ?’ असं विचारा. हो म्हणालं, तर मूल भुकेलं आहे, मुकाट्यानं वाढा. नको, नूडल्सच हवेत म्हणालं, तर आज शाळेत काय झालं ते हळूच काढून घ्या. कधीकधी काहीच झालेलं नसतं, नूडल्स आवडतात म्हणून हवे असतात. तेही मान्य करायचं.

आता कुलपाचं बघू. अमेरिकेत जेनिफर फिशर आणि लिअ‍ॅन बर्च या दोघींनी १९९९ साली लहान मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. साधारण सारख्याच आवडीच्या खाऊंपैकी एक मुलांना मोकळा ठेवला, दुसरा दिसेल असा समोर ठेवला पण ठरावीक वेळच घेऊ दिला. अडवलेल्या खाऊबद्दल मुलं जास्त बोलू लागली, तो मिळवायची धडपड करू लागली. बंदीनंच त्याचा भाव वाढवला. बर्च यांचं आधीचं काम बक्षिसाबद्दलचं होतं. बक्षीस म्हणून दिलेला पदार्थ मुलांना अधिक आवडू लागतो, आणि बक्षीस मिळवण्यासाठी जो खावा लागतो तो नावडता होतो. ‘भाजी संपव, मग आइस्क्रीम’ म्हणताना आपण भाजीची बदनामी करत असतो. ब्रिटनमधल्या क्लेअर फॅरो आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवलं, की तीन ते पाच वर्षांची असताना ज्या मुलांना खाऊची लालूच दाखवली जायची आणि खाण्यावर कडक बंधनं असायची, ती दोन वर्षांनी मन बिघडल्यावर अधिक खाताना दिसली. लालूच आणि कुलूप, दोन्ही एकाच घरात नांदतात, हे तुम्हीही पाहिलं असेल.

त्याहून मला राग येतो तो जिभेचा. आपल्याकडे पाच वर्षांपर्यंत मूल गुटगुटीत हवं असतं, वाटीभर जास्त भरवणारी आजी सुगरण ठरते. तेच मूल दहा वर्षांचं झालं की ‘ढोल्या’ होतं. लग्नाच्या मांडवात, जिलेबी वाढली जात असताना, कुणीतरी मावशी मोठ्यानं म्हणते, ‘केवढी सुटलीस गं!’ सगळे हसतात, मुलगीही हसते. ती घरी जाऊन काय करते ते मावशीला कळत नाही. मिनेसोटा विद्यापीठात वर्षानुवर्षं चाललेल्या अभ्यासांत दिसलं, की ज्या मुलांना घरचेच वजनावरून चिडवतात, त्यांच्यात उपाशी राहणं, मग अधाशासारखं खाणं असे प्रकार जास्त आढळतात. म्हणून मांडवातल्या मांडवात मावशीला थांबवा. ‘तिच्या शरीराबद्दल नको बोलूया’, इतकंच पुरतं. मावशी रुसली तर रुसू दे.

मग करायचं काय? आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी सुचवलेली वाटणी मला पटते. काय शिजवायचं, कधी आणि कुठं बसून जेवायचं हे पालकांनी ठरवावं. खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. आपल्याला यातला दुसरा भाग जड जातो, कारण ताटात टाकायचं नाही हा संस्कार. पण त्यावर तोड आहे. थोडंच वाढा, पुन्हा मागू द्या. टाकलंही जाणार नाही आणि पोट भरल्यावर कोंबलंही जाणार नाही. चार-साडेचारचं खाणं पक्कं ठेवा: भडंग, थालीपीठ, उकडलेल्या शेंगा, गूळ-शेंगदाणे, आणि अधूनमधून वेफर्ससुद्धा. पण बशीत काढून, बसून. पुडीत हात घालून खाताना किती गेलं ते मोठ्यांनाही कळत नाही.

खाण्याइतकंच रडण्याचंही बघायला हवं. सामना हरून आलेल्या मुलाला ‘जाऊ दे रे, चल पिझ्झा खाऊ’ म्हणायचा मोह आवरा. ‘फार लागलं ना मनाला?’ म्हणा आणि गप्प बसा. तो दार आपटेल, कर्णधाराला शिव्या घालेल, कदाचित रडेल. ती दहा-पंधरा मिनिटं आपल्याला सोसत नाहीत, म्हणून आपण पिझ्झा मागवतो. ती सोसा. नंतर रोजच्या वेळी रोजचं जेवण. जिंकून आला तर मात्र श्रीखंड आणायला माझी काही हरकत नाही. मोदक, पुरणपोळी, वाढदिवसाची खीर यांच्याशी आपलं सुख बांधलेलं आहे आणि ते तसंच राहावं. दुःख गिळायला पदार्थ लागू नये, एवढंच म्हणणं आहे. आणि हो, ऑफिसातून आल्या आल्या ‘डोकं उठलंय, काहीतरी चमचमीत मागव’ हे वाक्य घरात कोण म्हणतं, तेही एकदा आठवून बघा.

त्या सातवीतल्या मुलीच्या घरी कुलूप लागलं नाही. आई रोज दीडला ऑफिसातून फोन करू लागली. आधीही करायची, पण तेव्हाचा फोन ‘जेवलीस का?’ इथं सुरू होऊन तिथंच संपायचा. आपल्या घरांत सगळी माया या एका प्रश्नात भरलेली असते, आणि त्याला ‘हो’ एवढंच उत्तर असतं. आता आई विचारते, बसमध्ये शेजारी कोण बसलं होतं, मराठीच्या बाई आज कुणावर भडकल्या. मुलगी जेवता जेवता फोन स्पीकरवर ठेवते. कोल्हापूरला व्हिडिओ कॉल असतो तो वेगळा. पुड्या पूर्ण बंद झाल्या असं म्हणणार नाही. सहामाहीच्या आठवड्यात पुन्हा सापडल्या. या वेळी आईनं त्या कचऱ्यात टाकल्या आणि रात्री तिच्याशेजारी जाऊन बसली, ‘गणिताचं टेन्शन आलंय का?’ म्हणून.

काही वेळा मात्र घरच्या घरी भागत नाही. थोड्या वेळात खूप खाणं आणि थांबताच न येणं, नंतर उलटी काढणं, दुसऱ्या दिवशी उपाशी राहून भरपाई करणं, चारचौघांत जेवायचं टाळणं, असं वारंवार दिसलं तर ते लाड किंवा हावरटपणा समजू नका. अनावर खाण्याच्या विकाराला २०१३ सालापासून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत स्वतंत्र जागा आहे. मानेवर, काखेत काळपट मखमली पट्टा दिसला, तर तो मळ समजून बेसन लावून घासत बसू नका. शरीरात इन्सुलिनचं काम नीट होत नसल्याची ती खूण असू शकते. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मनाच्या बाजूनं कुणाशी बोलायचं सुचत नसेल, तर सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते, मराठीतही बोलता येतं. पहिला फोन मुलाला करायला लावू नका, तुम्हीच करा.