एक अळी आणि अख्खी कन्साईनमेंट: आंबा एक्स्पोर्टमध्ये उतरण्याआधी क्वारंटाईन कीड समजून घ्या



एक्स्पोर्टच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त येणारा प्रश्न म्हणजे, "सर, बायर कुठे मिळेल?" बायर मिळतो हो. पण माल त्याच्या देशात शिरेल का, हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. आजचा लेख त्याच प्रश्नावर आहे. उदाहरण आपल्या घरचंच घेऊया, आंब्याचं. आंब्यात जे समजेल, ते भाजी, डाळिंब, फुलं, सगळीकडे कामाला येईल.

आधी एक घटना बघा. १ मे २०१४ पासून युरोपियन संघाने भारतातल्या आंब्याला आणि वांगी, कारली, पडवळ, अळू या चार भाज्यांना बंदी घातली. ऐन सीझन आणि २८ देशांचं मार्केट एका दिवसात बंद. कारण काय? २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ कन्साईनमेंटमध्ये फळमाशी आणि इतर क्वारंटाईन किडी सापडल्या होत्या. बंदी आली तेव्हा ज्यांचा माल स्वच्छ होता, त्यांचाही धंदा थांबला. आंब्यावरची बंदी उठायला जानेवारी २०१५ उजाडलं.

म्हणजे इथे फक्त तुमचा माल पणाला लागलेला नसतो, अख्ख्या देशाचं नाव लागलेलं असतं. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायचा.

क्वारंटाईन कीड म्हणजे नेमकं काय?

खूप नुकसान करते ती क्वारंटाईन कीड, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण व्याख्या वेगळी आहे. जी कीड घेणाऱ्या देशात अजून आलेली नाही, किंवा थोड्याच भागात आहे आणि सरकार तिच्यावर अधिकृत नियंत्रण ठेवतंय, आणि जी पसरली तर तिथल्या शेतीचं मोठं नुकसान होईल, ती त्या देशासाठी क्वारंटाईन कीड. त्यामुळे यादी प्रत्येक देशाची वेगळी असते. आपल्याकडे घरोघरी दिसणारी फळमाशी तिकडे परकी शत्रू असते.

जपानचं उदाहरण घ्या. त्यांच्या दक्षिणेकडच्या बेटांवर फळमाशी शिरली होती. नर माशांना वासाने ओढून मारण्याची मोहीम वर्षानुवर्षं चालवून त्यांनी १९८६ मध्ये ओरिएंटल फळमाशी संपवली. काकडीवर्गीय पिकांवरच्या माशीसाठी तर त्यांनी प्रयोगशाळेत माश्या वाढवल्या, किरणांनी नर वांझ केले आणि ते मोठ्या संख्येने सोडले. मादीचं मीलन वांझ नराशी झालं की अंडी उबत नाहीत. ते काम १९९३ मध्ये पूर्ण झालं. एवढा खर्च केलेला देश आपल्या पेटीतली एक अळी का चालवून घेईल? भारतीय आंब्यासाठी जवळपास २० वर्षं बंद असलेलं जपानचं दार २००६ मध्ये उघडलं, तेही उष्ण वाफेची प्रक्रिया सक्तीची करूनच.

शत्रूची ओळख: डोळ्यांनी तपासून का भागत नाही?

फळमाशीची मादी पक्व होत आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. बाहेरून दिसलाच तर सुईच्या टोकाएवढा ठिपका दिसतो. एक-दोन दिवसांत अळ्या बाहेर पडतात आणि आतला गर खातात. पूर्ण वाढलेली अळी फळातून बाहेर पडून मातीत जाते आणि तिथे कोषात बदलते. त्यातून नवीन माशी निघते.

यात धंद्याच्या दृष्टीने दोन गोष्टी आहेत. पहिली, पॅकहाऊसमध्ये ग्रेडिंग करताना फळ सुंदर दिसतं, पण आत अंडी असू शकतात. दुसरी, बागेत पडलेलं प्रत्येक सडकं फळ हा माश्यांचा कारखाना आहे.

आंब्याच्या कोयीत राहणारा भुंगा तर आणखी अवघड. तो आत असतो आणि फळ कापल्याशिवाय कळत नाही.

म्हणून आजचा मुख्य मुद्दा लिहून घ्या: कीडमुक्त माल एअरपोर्टवर सिद्ध होतो, पण तयार बागेत होतो. मधे चार पायऱ्या आहेत. एक-एक बघू.

पायरी १: नजर ठेवणं (मॉनिटरिंग)

फळमाशीचे नर मिथाईल युजेनॉल या वासाकडे खेचले जातात. सापळ्यात हाच वास वापरतात. आपल्या दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा याच तत्त्वावर आहे. कारली, पडवळ यांच्यावरच्या माशीला मात्र हा वास चालत नाही, तिच्यासाठी क्यू-ल्युअर लागतं. चुकीचं ल्युअर लावून "सापळ्यात काहीच येत नाही, बाग स्वच्छ आहे" असं समजणारे लोक आहेत. तसं करू नका.

नुसता सापळा टांगून उपयोग नाही, मोजायला हवं. हिशोब सोपा आहे: एकूण सापडलेल्या माश्या भागिले सापळ्यांची संख्या गुणिले दिवस. समजा ८ सापळे, ७ दिवस, माश्या ११२. मग ११२ भागिले ५६, म्हणजे दर सापळा दर दिवशी २ माश्या. पुढच्या आठवड्यात हाच आकडा ४ झाला तर समजायचं, तोडणीआधी धोका वाढतोय.

आता तंत्रज्ञान. कॅमेरा, सिमकार्ड आणि छोटं सोलर पॅनेल असलेले स्मार्ट सापळे आलेत. ते आतला फोटो पाठवतात आणि सॉफ्टवेअर किडी मोजतं. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय कीड निगराणी प्रणाली सुरू केली. तिच्या ॲपमध्ये फोटो टाकला की कृत्रिम बुद्धिमत्तेने कीड ओळखायला मदत होते. अळी नेमकी कोणत्या जातीची हे डोळ्यांनी सांगणं कठीण असतं, तेव्हा प्रयोगशाळेत डीएनए तपासून जात ठरवतात.

पण सुरुवात महागड्या मशीनने करायची गरज नाही. साधा सापळा, मोबाईलवर लोकेशनसह काढलेला फोटो आणि दर आठवड्याला भरलेली एक्सेल शीट. एवढं ज्याच्याकडे सलग तीन महिन्यांचं आहे, तो बायरशी वेगळ्या आत्मविश्वासाने बोलतो.

पायरी २: बागेतलं नियंत्रण

सापळ्यात फक्त नर अडकतात, हे विसरू नका. उरलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो. म्हणून सापळ्यासोबत ही कामंही हवीत:

- पडलेली फळं नियमित गोळा करून खोल पुरणं. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम.
- झाडाखालची माती हलवणं, म्हणजे कोष उघडे पडतात.
- फळ साधारण अंड्याएवढं झालं की कागदी पिशवी घालणं. माशीला फळापर्यंत पोहोचताच येत नाही, आणि सालही डागविरहित राहते.
- फळ झाडावर जास्त पिकू न देता योग्य पक्वतेला तोडणं.
- शेजाऱ्यांना सोबत घेणं. माशी बांध बघून थांबत नाही. वाडीतल्या दहा बागांपैकी एकानेच काम केलं तर फायदा अर्धवटच.

आणि फवारणी? लेबलवर त्या पिकासाठी, त्या किडीसाठी शिफारस असेल तेच औषध, तेवढ्याच मात्रेत, आणि शेवटची फवारणी ते तोडणी यातलं अंतर पाळून. नाहीतर किडीच्या तपासणीत पास व्हाल आणि औषधाच्या अंशाच्या तपासणीत अडकाल.

पायरी ३: तोडणीनंतरची प्रक्रिया

बाग कितीही चांगली असली तरी घेणारा देश म्हणतो, "मला खात्री हवी." ती खात्री म्हणजे प्रक्रिया. मुख्य तीन प्रकार आहेत.

*गरम पाणी:* फळं ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटं. सालीखालची अंडी-अळ्या मरतात.

*उष्ण वाफ:* जपानसाठी गराचं तापमान ४७.५ अंशांवर नेऊन २० मिनिटं ठेवतात. तापमान हवेचं नाही, फळाच्या आतलं मोजायचं असतं.

*विकिरण:* अमेरिकेसाठी किमान ४०० ग्रे इतकी मात्रा लागते. इथे किडा लगेच मरतोच असं नाही, पण त्याची वाढ आणि प्रजनन थांबतं. कोयीतल्या भुंग्यावर गरम पाण्याचा भरवसा ठेवता येत नाही, म्हणून ही पद्धत. १८ वर्षांच्या खंडानंतर २००७ मध्ये भारतीय आंबा अमेरिकेत गेला, तो नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या 'कृषक' केंद्रातून. हे केंद्र मुळात कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून उभं राहिलं होतं!

नवीन उद्योजकाने ही मशिनरी विकत घेण्याचा विचारही करू नये. वाशीला राज्य कृषी पणन मंडळाच्या सुविधा आहेत. तिथे प्रक्रियेचं शुल्क भरून काम होतं. फक्त सीझनमध्ये गर्दी असते, स्लॉट आधी ठरवा.

पायरी ४: कागद

बागेची नोंदणी 'मँगोनेट'वर, मालाची तपासणी वनस्पती संगरोध अधिकाऱ्यांकडून, आणि शेवटी फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, ज्याला धंद्यात सगळे 'फायटो' म्हणतात. फायटो म्हणजे एका सरकारने दुसऱ्या सरकारला दिलेला शब्द. आपला आयात-निर्यात कोड आणि अपेडाची नोंदणी तर हवीच.

कागद किती महत्त्वाचा? मे २०२५ मध्ये अमेरिकेत आंब्याच्या किमान १५ कन्साईनमेंट नाकारल्या गेल्याच्या बातम्या आल्या. वाद विकिरणाच्या कागदपत्रातल्या नोंदींचा होता. प्रक्रिया केल्याचं एक्स्पोर्टर सांगत होते, तरी माल तिथेच नष्ट करायची वेळ आली. धडा सरळ आहे: प्रक्रिया झाली एवढं पुरत नाही, ती झाल्याचं कागदावर बिनचूक दिसलं पाहिजे. माल निघण्याआधी प्रत्येक तारीख, वजन, पेट्यांची संख्या आणि बागेचा नोंदणी क्रमांक स्वतः जुळवून बघा.

आता पैशांचं गणित

आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमचे स्वतःचे टाका.

- १,००० किलो आंबा, १०० रुपये किलोने = १,००,००० रुपये
- ग्रेडिंगमध्ये ३०० किलो बाहेर, ते लोकल मार्केटला ६० रुपयांनी = १८,००० परत
- उरलेल्या ७०० किलोची खरी किंमत = ८२,००० भागिले ७००, म्हणजे किलोला साधारण ११७ रुपये
- प्रक्रिया, बॉक्स, लोकल वाहतूक किलोला ४० धरली = १५७ रुपये

आता दर दहा कन्साईनमेंटमागे एक नाकारली गेली, तर दहाचा खर्च नऊवर येतो. १५७ चे होतात साधारण १७४. म्हणजे किडीने तुमच्याकडून किलोमागे १७ रुपये घेतले. विमानभाडं धरलं तर आणखी जास्त. सापळे, पिशव्या, पडलेली फळं उचलण्याची मजुरी, हा खर्च याच्यासमोर ठेवून बघा. मग तो 'खर्च' वाटणार नाही.

एक्स्पोर्टर न होताही धंदा आहे

सगळ्यांनी एक्स्पोर्टरच व्हायला हवं असं नाही. या साखळीत छोट्या उद्योजकाला जागा आहे:

१. *सापळा सेवा:* २०-३० बागा एकत्र घेऊन सापळे लावणं, ल्युअर बदलणं, दर आठवड्याला मोजणी आणि रिपोर्ट. शुल्क सीझनचं, बागेनुसार.

२. *पिशव्या आणि बागस्वच्छता:* पिशव्या घालण्याची आणि फळं उचलण्याची प्रशिक्षित टीम. बचत गटांना हे उत्तम जमतं.

३. *लाकडी पॅकिंग:* परदेशी जाणाऱ्या लाकडी पॅलेट-खोक्यांसाठी आंतरराष्ट्रीय नियम आहे. उष्णता देताना लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटं हवं आणि वर अधिकृत शिक्का हवा. हा शिक्का मारण्यासाठी सरकारी मान्यता घ्यावी लागते. आंबाच नाही, मशिनरी पाठवणारेही तुमचे ग्राहक.

४. *नोंदणी आणि कागदपत्रं:* शेतकऱ्यांच्या बागा नोंदवून देणं, रेकॉर्ड सांभाळणं.

एक सूचना: कीटकनाशक विकायचं असेल तर त्याचा परवाना वेगळा लागतो. त्याशिवाय त्यात हात घालू नका.

या आठवड्याचा गृहपाठ

१. एक देश आणि एक पीक निवडा. त्या देशाच्या कोणत्या किडींवर अटी आहेत ते संगरोध कार्यालयात किंवा अपेडाकडे विचारा.
२. जवळच्या तीन बागांमध्ये जाऊन दोनच प्रश्न विचारा: सापळे आहेत का? मोजणीची वही आहे का?
३. वर दिलेलं गणित तुमच्या आकड्यांनी करून बघा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी "सापळे आहेत, वही नाही" असं येईल. मित्रांनो, ती नसलेली वही हीच तुमची संधी आहे. तुमच्या भागात काय उत्तर मिळालं ते खाली कॉमेंटमध्ये नक्की लिहा. भेटूया पुढच्या भागात.