केरापासून खत: इंदूरच्या रीतीचा धडा

केर कुजला म्हणजे खत होतें हें प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. तो कुजवावा कसा, हें मात्र शिकावें लागतें. सर अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं इंदूर येथें प्रयोग करून ती रीत १९३१ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली.

खड्डा दोन-तीन फुटांहून खोल नसावा. त्यांत पालापाचोळा व तण यांचा सहा इंचांचा थर द्यावा. त्यावर शेण, गोठ्यांतील मूत्रानें भिजलेली माती व चुलीची राख पसरून पाणी शिंपडावें, आणि असे थर रचीत जावें. कपाशीच्या पऱ्हाट्या तशाच टाकूं नयेत. त्या गाडीवाटेवर पसराव्या, म्हणजे चाकांखालीं फुकट चिरडल्या जातात. (ही युक्तिही इंदूरचीच!) पुढें दोन-तीन आठवड्यांनीं, पांच आठवड्यांनीं व दोन महिन्यांनीं खत खालींवर करावें. येथेंच आपले लोक कंटाळतात. परंतु खत करणाऱ्या सूक्ष्म जंतूंस ओलाव्याइतकीच हवाही लागते. ती न मिळाल्यास ढीग नुसता सडतो व दुर्गंधि सुटते. तीन महिन्यांत खत काळें व भुसभुशीत होतें. उपदेशकांनीं शाळेच्या आवारांत मुलांकडून असा एक खड्डा करवावा. मुलांनीं पाहिलेलें घरीं लवकर पोहोंचतें.

गोवऱ्या जाळल्यानें शेणांतील नत्र धुरावाटें जातें. मग चूल कशानें पेटवावी, असें बाया विचारतील, व तो प्रश्न रास्त आहे. गोबरगॅसच्या टांकींत शेण आंबवल्यास वायु चुलीस मिळतो व उरलेली मळी शेतास. ज्यांस दोन-तीन जनावरें आहेत त्यांनीं पंचायत समितीच्या कृषि कार्यालयांत चौकशी करावी. ज्यांस तेवढीं नाहींत त्यांनीं शेजाऱ्याशीं भागींत खड्डा खणावा.