सत्तर मिनिटांचा पहिला दरवाजा



आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. आपल्या गोव्यात होणाऱ्या ट्रायथलॉन शर्यतीत उतरण्यासाठी तो दोनदा घरी आला. पहिल्या खेपेला तो अपयशी ठरला, दुसऱ्या खेपेला यशस्वी. त्यानंतर शाळेत येऊन त्याने आठवी ते दहावीच्या वर्गांशी गप्पा मारल्या. त्या गप्पांतून भूगोल, विज्ञान आणि गणित असा तिन्ही विषयांचा अभ्यास झाला. तो सर्वांपर्यंत पोहोचावा म्हणून हा पाठ.

शर्यतीची ओळख

ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे या तीन गोष्टी मधे न थांबता एकामागून एक करण्याची शर्यत. ग्रीक भाषेत 'ट्राय' म्हणजे तीन आणि 'ॲथलॉन' म्हणजे स्पर्धा. आजच्या स्वरूपातली पहिली ट्रायथलॉन १९७४ साली अमेरिकेतील सॅन दिएगो येथे झाली. १९७८ मध्ये हवाई बेटांवर 'आयर्नमॅन' ही लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली. त्या वर्षी १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्येही आहे. तिथले अंतर १.५ किमी पोहणे, ४० किमी सायकल आणि १० किमी धावणे असे असते.

गोव्यात मिरामार येथे ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रथम झालेली शर्यत 'आयर्नमॅन ७०.३' या प्रकारची आहे. तिच्यात १.९ किमी पोहणे, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणे असते. एकूण अंतर ११३ किमी, म्हणजेच ७०.३ मैल. नावातला आकडा तो हाच. सर्व मिळून साडेआठ तासांची मुदत असते. त्यातही पोहणे पहिल्या ७० मिनिटांत संपवावे लागते, नाहीतर सायकलला हात लावता येत नाही.

आता टक्केवारी काढून पाहा. ११३ किमीमध्ये पोहण्याचा वाटा १.७ टक्केही भरत नाही. पण पहिला दरवाजा तोच आहे, आणि तो बंद झाला की उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के बाहेरच राहतात.

सहा मिनिटांचा हिशेब

नोव्हेंबर २०२२ मध्ये नेमके असेच घडले. आमचा विद्यार्थी पाण्याबाहेर आला तेव्हा ७६ मिनिटे झाली होती. घोट्याला बांधलेली वेळ मोजणारी चिप काढून घेण्यात आली. त्याचे आईवडील पहाटेच्या अंधारात घरून निघून किनाऱ्यावर उभे होते. "सायकल कुठे आहे रे तुझी?" असे आईने विचारले, तेव्हा आपल्याला उत्तर देता आले नाही, असे त्याने मुलांना सांगितले.

असे का झाले? पुण्यातल्या २५ मीटरच्या तलावात तो १९०० मीटर अंतर ५८ मिनिटांत पोहत असे. तलावात या अंतराच्या ७६ फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीअखेर पायाने रेटा द्यायला भिंत असते, आणि तळाशी सरळ रेषा आखलेली असते. समुद्रात भिंतही नाही आणि रेषाही नाही. मिरामारला मांडवी समुद्राला मिळते. भरती-ओहोटीचे पाणी तिथे सतत आत-बाहेर करत असते आणि पोहणाऱ्याला नकळत बाजूला नेते. त्या दिवशी त्याच्या घड्याळाने २२५० मीटर अंतर दाखवले. म्हणजे वाट चुकून तो ३५० मीटर जास्त पोहला होता. त्याच्या तलावातल्या वेगाने या जादा अंतराला साधारण पावणेअकरा मिनिटे लागतात. ती वाचली असती तर तो ६६ मिनिटांच्या आत बाहेर आला असता. थोडक्यात, ताकद कमी पडली नव्हती, दिशा चुकली होती.

जमिनीवरची खूण

त्यानंतर दिवाळी सरल्यापासून शिमग्यापर्यंत, समुद्र शांत असताना, तो दर महिन्याला दोन दिवसांची रजा काढून घरी येऊ लागला. घराजवळचे एक मासेमार काका होडी घेऊन त्याच्या बाजूने चालत. त्यांनी त्याला एकच गोष्ट शिकवली : "पाण्याकडे बघू नको, जमिनीवरची खूण धर." लाटांमध्ये बोया दिसेनासा होतो, पण त्याच्यामागचा डोंगर किंवा दीपगृह जागचे हलत नाही. दर सात-आठ हातांनंतर डोळे पाण्यावर काढून ती खूण पाहायची, आणि ती सरकलेली दिसली की आपण वाहवलो असे समजायचे. होकायंत्र नसतानाही आपले मासेमार याच रीतीने जाळ्याची जागा शोधत आले आहेत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ६१ मिनिटांत पाण्याबाहेर आला. सायकलला ३ तास ४० मिनिटे, धावायला २ तास ४८ मिनिटे, आणि कपडे-बूट बदलण्यात दोन्ही वेळचे मिळून १५ मिनिटे लागली. एकूण ७ तास ४४ मिनिटे. धावताना मात्र दमट हवेने त्याचा कस पाहिला. एक लिटर घाम वाळताना शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण हवेत आधीच बाष्प भरपूर असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि शरीर तापतच राहते.

एक प्रश्न

गप्पा संपत आल्या तेव्हा आठवीतल्या एका मुलीने विचारले, "दादा, तुम्ही पोहायला कुठे शिकलात?"

तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "पुण्यात. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी."

वर्गात मुले हसली. आम्हा शिक्षकांना मात्र हसू आले नाही. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, गावात देवळाची तळी. आणि आमचा मुलगा पोहायला शिकला तो घाट चढून गेल्यावर! "पाण्याकडे फिरकू नका" असे वर्षानुवर्षे आम्हीच त्याला आणि तुम्हाला सांगत आलो. त्यामागे काळजी होती. पण नुसत्या मनाईने पाणी दूर जात नाही. मुले चोरून जातात, आणि पोहता न येणाराच बुडतो.

म्हणून पालकांना आणि विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे. येत्या वर्षापासून पाचवीच्या पुढील मुलामुलींना प्रशिक्षित शिक्षकाच्या देखरेखीखाली, जवळच्या पोहण्याच्या तलावावर पोहणे शिकवण्याची सोय करावी. आधी पालकांची लेखी संमती आणि वैद्यकीय तपासणी घ्यावी. खर्चाचा अंदाज आम्ही पालक सभेपुढे ठेवू. शर्यती जिंकणारे खेळाडू तयार करणे हा आमचा उद्देश नाही. शाळा सोडताना प्रत्येक मुलाला पाण्यात स्वतःला सांभाळता यावे, एवढेच मागणे आहे.

तोपर्यंत मुलांनी एवढे लक्षात ठेवावे : लाल झेंडा असेल तिथे पाण्यात उतरू नये. एकट्याने कधीही उतरू नये. प्रवाह आत ओढू लागला तर त्याच्याशी झुंजू नये. तरंगत राहावे, हात वर करून जीवरक्षकाला खूण करावी आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडावे.

स्वाध्याय

१. १.९ किमी अंतर ७० मिनिटांत पोहायचे, तर १०० मीटरला जास्तीत जास्त किती वेळ मिळेल?

२. ९० किमी अंतर ३ तास ४० मिनिटांत कापणाऱ्याचा सरासरी वेग काढा.

३. तलाव आणि समुद्र यांत पोहण्यातले तीन फरक लिहा.

४. तुमच्या घरात पोहता येणारी माणसे किती? ती कुठे आणि कोणाकडून शिकली? आजी-आजोबांना आधी विचारा.

चौथ्या प्रश्नाची उत्तरे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. ती आम्ही विश्वस्तांपुढे ठेवणार आहोत.